सावलीतले सर आणि माझा डावा गाल

तीन महिने मी चेहऱ्याच्या फक्त डाव्या बाजूला पेप्टाइडचं सीरम लावलं. उजवी बाजू कोरी ठेवली. हे मी शुद्धीत, स्वतःच्या बुद्धीने, कोणीही न सांगता केलं.

त्या वेळी मी त्वचेची औषधं काढणाऱ्या एका छोट्या कंपनीचा प्रतिनिधी होतो. जळगावात एकटा भाड्याने राहायचो, बायको-मुलं धुळ्यात, आणि आठवड्याचे पाच दिवस यावल-सावद्याकडच्या दवाखान्यांत बॅग मांडीवर घेऊन बसायचो. कंपनीने नवं सीरम काढलं होतं. वयामुळे सैल पडलेली त्वचा दुरुस्त करायची, आतलं कोलॅजन वाढवायचं, सुरकुत्या कमी करायच्या, असं पत्रकावर छापलेलं. सोबत एका परदेशी बाईचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. सावद्याच्या एका डॉक्टरांनी ते चष्मा वर करून पाहिले आणि विचारलं, "यातली थोरली कोणती?"

परत येताना मला वाटलं, परकी बाई कशाला हवी? आपलं तोंड काय वाईट आहे? वय चव्वेचाळीस, दिसायला पन्नाशी. कच्चा माल घरचाच. अर्ध्या तोंडाला सीरम लावायचं, अर्धं तसंच ठेवायचं, म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' एकाच मानेवर. डावी बाजू निवडण्यामागेही शास्त्र होतं. मी उजव्या कुशीवर झोपतो. उजवीकडे लावलं असतं तर गालाआधी उशी तरुण झाली असती.

आणि तीन महिन्यांत फरक दिसला. खरंच दिसला. डावा गाल उजळ, मऊ. उजवा काळपट, खरबरीत, डोळ्याच्या कोपऱ्यातून रेषांचा पंखा उघडलेला. मी दवाखान्यात शिरलो की आधी उजवा गाल पुढे करायचो, मनात तीन अंक मोजायचो आणि मग सावकाश डावा वळवायचो. डॉक्टर लोक मान डोलवायचे, ऑर्डर लिहून द्यायचे. त्या भरात मी धुळ्याला घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "नीट बघ." तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "कोणी मारलं?"

हा गाल ज्यांनी उघडा पाडला ते माझे घरमालक. सगळं जळगाव नाही, पण आमची अख्खी कॉलनी त्यांना 'सर' म्हणायची, आणि त्यांच्याविषयी बोलायचं तर सुरुवात माझ्या मूर्खपणापासूनच करावी लागते, कारण आमची खरी ओळख त्यातूनच झाली.

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. शाळेत त्यांनी नद्या, पर्वत, खनिजं सगळं शिकवलं असणार, पण त्यांचा स्वतःचा विषय एकच होता: ऊन आत्ता कुठून येतंय आणि थोड्या वेळाने कुठून येईल. जळगावात हा विषय कोणालाच ऐच्छिक नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात स्कूटरच्या सीटवर बसताना माणूस आधी देवाचं नाव घेतो. पण बाकीचे लोक ऊन सोसतात किंवा त्याला शिव्या देतात. सर त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचे.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी, जात, गाव काहीच विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभं करून म्हणाले, "दुपारी तीनला ऊन कुठल्या खिडकीतून आत येईल?"

खिडक्या दोनच होत्या. मी आत्मविश्वासाने एकीकडे बोट केलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सरांनी मला तीन वाजेपर्यंत बसवून ठेवलं. दोनदा चहा आला, मग काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. तीन वाजता दुसऱ्या खिडकीतून ऊन आलं आणि थेट माझ्या ताटलीत पडलं.

"चुकलो," मी म्हणालो.

"म्हणूनच तुला खोली देतो. ज्याला कळतं तो मला शिकवायला बसेल."

आमच्या घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत सरळ चाललं तर फार अंतर नाही. सर ते दीडपट करायचे. आधी आमच्या बाजूने गुलमोहरापर्यंत, मग रस्ता ओलांडून बँकेच्या भिंतीकडेने, परत इकडे पिठाच्या गिरणीच्या पत्र्याखालून. वाटेत कोणी हाक मारली तर थांबायचे नाहीत. "पुढच्या सावलीत ये," एवढंच म्हणायचे. कॉलनीतल्या लोकांना सवय झाली होती. ज्याला सरांशी काम असायचं तो गिरणीच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहायचा.

पाहुण्यांना सोडायला ते बसस्टँडवर यायचे आणि पाहुणा बसला की गाडीत चढून इतरांच्या सोयीला लागायचे. एकदा मी बरोबर होतो. सकाळची पाचोऱ्याची गाडी. सर एका बाईंना म्हणाले, "पाचोऱ्याला चाललात ना? मग उजवीकडे बसा. डावीकडे अर्ध्या वाटेतच भाजाल." बाई उठल्या. त्यांचं बघून मागचे उठले. पाच मिनिटांत अख्खी गाडी उजव्या अंगाला, डावीकडे फक्त एक गोणी. कंडक्टर आला आणि बघतच राहिला.

"आजोबा, तुम्हाला कुठं जायचंय?"

"मला कुठंच नाही."

"मग गाडी कशाला पालथी करता?"

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ ऐन मे महिन्यात वारले. दुपारी बारा-साडेबारा. स्मशानात सावलीला एकच कडुनिंब, आणि त्याखाली आधीच दुसऱ्या मयतीची माणसं. सरांनी काठी टेकत सगळीकडे पाहिलं आणि भिंतीपासून थोड्या अंतरावर, उघड्या उन्हात, जाऊन उभे राहिले. मला खुणेने बोलावलं. मागून आणखी पाच-सहा जण आले, कारण सर उभे राहतात तिथं काहीतरी असतं हे माहीत होतं. आम्ही भाजत होतो. मृताच्या मेहुण्याने हळूच विचारलं, "सर, इथं कशाला?" सर म्हणाले, "येतेय." आणि खरंच, हळूहळू भिंतीकडून सावली सरकत आमच्या पायांशी आली, मग गुडघ्यापर्यंत, मग खांद्यावर. तिकडे कडुनिंबाखालचे लोक उन्हात आले होते. त्या गंभीर जागी मेहुणा माझ्या कानात म्हणाला, "असा माणूस सरकारात पाहिजे."

वर्षातून एक दिवस मात्र सर घराबाहेर पडायचे नाहीत. आमच्याकडे मेच्या अखेरीकडे एका भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेतली मुलं त्या दिवशी मैदानात जमून टाळ्या वाजवतात. सर पंखा लावून आत बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. गच्चीवर त्यांनी एक काठी कायमची सिमेंटमध्ये रोवली होती. रोज वर जाऊन तिची सावली टेपने मोजायची आणि वहीत लिहायची, हा त्यांचा नेम. मी विचारलं, "सर, रोज मोजून काय मिळतं?" म्हणाले, "तू रोज दाढी करतोस, तुला काय मिळतं?"

तर असा माणूस खाली, आणि वर मी, अर्ध्या तोंडाला सीरम लावून.

एकदा त्यांनी मला विचारलं, "हे पेप्टाइड म्हणजे नेमकं काय?" मी प्रतिनिधी माणूस, हा प्रश्न माझ्या आवडीचा. म्हणालो, "सर, कातडीखालचं कोलॅजन म्हणजे खाटेची नवार समजा. तरुणपणी ताठ असते. वय झालं की सैल पडते, मधे झोळ येतो. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे बारके तुकडे. ते कातडीला निरोप देतात, की नवार ढिली झालीय, नवी विणायला घ्या."

"म्हणजे विणकराला हाक मारतात."

"बरोबर."

"हाक त्याच्यापर्यंत पोचते का? आणि पोचली तर तो येतो का?"

मी उजवा गाल दाखवला, तीन अंक मोजले, डावा दाखवला. दोन्ही गालांकडे सर ज्या नजरेने बघत होते, ती मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती. बसमध्ये चढण्याआधी ते गाडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे बघायचे, ती नजर.

काकू मूळच्या धुळ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या. जळगावात इतकी वर्षं राहून आमच्याशी शहरी मराठी बोलायच्या, पण राग आला की अहिराणी. त्यांना एकच बहीण, चार वर्षांनी मोठी. काकू तिला अक्का म्हणायच्या. अक्का गावीच शेतकऱ्याच्या घरी दिलेली. तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि माघात साखरपुडा झाला. तिथं व्हिडिओ काढणाऱ्या गृहस्थाने सगळ्यांसमोर काकूंना हाक मारली, "मोठ्या अक्का, तुम्ही मधे या. धाकल्या मावशी, तुम्ही बाजूला." धाकली मावशी म्हणजे कोण, तर खरी थोरली अक्का.

लोक हसले. अक्काही हसली. काकू हसल्या नाहीत. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "लग्नाला मी येणार नाही. सांगा, मावशी आजारी आहे."

सर म्हणाले, "अगं, एकाच बहिणीची एकच मुलगी. तू नाही तर हळद कोण लावणार?"

"धाकली मावशी लावेल."

घरात दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन निघालो तर काकू जिन्याशी उभ्या. माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, "भाऊ, तुझा डावा गाल मला पाहिजे."

इथं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, की काकू, हे हळू चालतं, प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही, तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा. मी म्हणालो, "वैशाखापर्यंत दहा वर्षं मागे नेतो." वर हेही सांगितलं की नुसतं लावण्यापेक्षा दवाखान्यात बारीक सुया टोचून त्यातून पेप्टाइड आत सोडतात, ते जास्त चांगलं, आणि डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत. काकूंनी तिथंच ठरवलं. सुया झाल्या आणि चेहरा सुधारला तर लग्नाला जायचं. नाहीतर नाही.

म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचं पुढचं सगळं आयुष्य मी माझ्या डाव्या गालावर टांगून ठेवलं.

त्या रविवारी सर वर आले आणि म्हणाले, "उद्या मी तुझ्याबरोबर यावलला येतो."

"काही काम?"

"आहे."

माझी गाडी जुनी, एसी बंद पडलेला. खिडकी खाली आणि कोपर बाहेर, अशी माझी चालवायची पद्धत. सर मागच्या सीटवर मधोमध बसले. हातात वही आणि शाळेतलं पितळी होकायंत्र. निघाल्यापासून दर थोड्या वेळाने मागून त्यांचं बोट यायचं आणि माझ्या उजव्या गालाला टेकायचं. "इथे ऊन." मग डाव्या गालाला. "इथे नाही." मग वहीत काहीतरी. तापीच्या पुलावर शेजारून केळीची गाडी चालली होती. तिच्यावरच्या माणसाने हे बराच वेळ पाहिलं आणि शेवटी ओरडून विचारलं, "बाबाजी काय चाचपताय, पिकला का?"

यावलला मी दवाखान्यात गेलो, सर झाडाखाली थांबले. संध्याकाळी परत निघालो. पुन्हा बोट. "इथे ऊन." उजवा गाल. "इथे नाही." डावा.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना बोलावलं. मला खुर्चीत बसवलं. खडूने जमिनीवर जळगाव काढलं, यावल काढलं, मधे तापी.

"हा सकाळी निघतो. तोंड ईशान्येला. ऊन कुठून? उजवीकडून. संध्याकाळी परततो. तोंड नैर्ऋत्येला. सूर्य तोवर पश्चिमेकडे गेलेला. ऊन कुठून? पुन्हा उजवीकडून. त्यात हा ड्रायव्हर, खिडकीही उजवीकडेच, आणि काच खाली. हे किती वर्षं चाललंय?"

"सहा," मी म्हणालो.

"सहा वर्षं याचा उजवा गाल दिवसातून दोनदा उन्हात आणि डावा सावलीत. पोरा, तुझा डावा गाल तरुण झालेला नाही. तुझं खरं वय तोच दाखवतो. उजवा म्हातारा झालाय."

"पण सर, सीरमने काहीतरी केलंच असेल ना?"

"केलं असेल. किती, ते तुला सांगता येणार नाही आणि मलाही नाही. एका गालाला तू सीरम लावलंस आणि दुसऱ्याला ऊन लावलंस."

मी खाली जळगावाकडे बघत बसलो. सरांचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका. आयुष्यभराच्या अभ्यासाला पहिल्यांदा असं जिवंत उदाहरण मिळालं होतं. ते काकूंकडे वळले. "कळलं का? सुरकुत्यांचं मूळ ऊन. उगाच सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्या अहिराणीत बोलल्या तेव्हाच मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"गाडीमा बसेल माणूसना गाल तुमले दिसना. तीस वरीस मी गच्चीवर बसनू, मी नही दिसनू?"

आणि आत निघून गेल्या.

ज्यांना खान्देशातला चैत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळा लागला की आमच्याकडच्या बाया वर्षभराचे पापड, कुरडया आणि बिबडे करायला घेतात. बिबडे म्हणजे ज्वारीचे मोठे पापड. ज्वारी भिजवायची, दळायची, तीळ-जिरं-मिरची घालून पीठ शिजवायचं आणि ओल्या धोतरावर हाताने थापून कडक उन्हात वाळवायचं. सावलीत ते वाळत नाहीत, आंबतात. काकू आपल्या घरचे करायच्या, वर अक्काच्या घरचेही करायच्या, कारण शेतीच्या कामात अक्काला वेळ नसायचा आणि काकूंच्या हाताचे बिबडे तिला फार आवडायचे. अक्का शेतात जायची ती डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढून, तोंडाला फडकं बांधून. काकू गच्चीवर, घरच्याच घरात, उघड्या तोंडाने, पंधरा-पंधरा दिवस.

आणि त्याच गच्चीवर सर रोज काठीची सावली मोजायला जायचे. काठी आणि काकू यांच्यात दोन हातांचं अंतर असेल. वहीत तीस वर्षांच्या सावल्या होत्या. काकू एका ओळीतही नव्हत्या.

त्या संध्याकाळी सर जिन्यात बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणाले, "अख्ख्या पाचोरा गाडीला उजवीकडे बसवलं रे मी."



चैत्र आला. त्या वर्षी बिबडे नेहमीपेक्षा जास्त करायचे होते, कारण अक्काच्या मुलीच्या रुखवतात ठेवायचे होते. काकू लग्नाला जाणार नव्हत्या, पण बिबड्यांवर त्यांचा राग नव्हता. सरांनी गच्चीवर रोपवाटिकेतली हिरवी जाळी बांधली. पहिला घाणा आंबला. काकूंनी तो गाईला घातला आणि जाळी सोडून त्यात कोथिंबीर निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सर शाळेच्या वेळची काळी छत्री घेऊन वर गेले आणि काकूंच्या मागे उभे राहिले. काकू थापत होत्या, सर धरत होते. काकूंवर सावली, बिबड्यांवर ऊन. सूर्य सरकला की सरही सरकायचे, इतकं हळू की हलताना दिसायचे नाहीत. आणि अशा वेळी छत्रीवाल्याच्या डोक्यावर काय असतं? ऊन. जन्मभर पत्र्याखालून आणि भिंतीकडेने चाललेला तो माणूस बारा दिवस भर दुपारी उघड्यावर उभा राहिला. शेजारपाजारचे आपापल्या गच्चीवरून बघायचे. समोरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "सर, आमच्याकडे पण एक तास धरता का?" सर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना दोन हात आहेत."

चौथ्या दिवशी सरांच्या नाकाची सालपटं निघाली. मी सीरमची बाटली घेऊन गेलो. त्यांनी तोंड पुढे केलं आणि म्हणाले, "दोन्हीकडे लाव. नाहीतर मला पुन्हा यावलला यावं लागेल."

काकूंनी सुया मात्र टोचून घेतल्याच. "तुमचा भूगोल बरोबर असेल," त्या सरांना म्हणाल्या, "पण मला करून बघायचंय." डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, "पेप्टाइडने थोडा फरक पडतो, सावकाश पडतो, सगळ्यांना सारखा पडत नाही. आणि ऊन थांबवलं नाही तर काहीच टिकत नाही. दहा वर्षं मागे वगैरे कोण म्हणालं?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं, आधी उजवीकडून, मग डावीकडून, आणि म्हणाल्या, "अच्छा."

तीन वेळा जाणं झालं. प्रत्येक वेळी काकूंचं तोंड दोन दिवस मिरची चोळल्यासारखं लाल. तिन्ही वेळा सर दवाखान्याच्या पायरीपासून रिक्षापर्यंत छत्री धरून. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा काकू आरसा घेऊन खिडकीशी आल्या आणि सरांना म्हणाल्या, "बघा. फरक आहे का?"

मी दारात उभा राहून सरांना डोळ्यांनी खुणावत होतो, की हो म्हणा, फक्त हो म्हणा. सरांनी काकूंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघितलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "आधीचं मी काही मोजलेलं नाही."

काकूंनी आरसा उपडा ठेवला. "मग नाही जायचं."

झालं. दहा वर्षांचा वायदा माझा, खरं बोलण्याची खोड सरांची, आणि दोघांमधे एक लग्न बुडालं. मी दुसऱ्या दिवशी कामाला म्हणून धुळ्याकडे निघालो तर काकूंनी बिबड्यांचे दोन डबे माझ्या गाडीत ठेवले, अक्काच्या घरी पोचवायला. मी पोचवले. अक्काने डबे बघितले, माझ्यामागे रिकामी गाडी बघितली आणि तिथंच काकूंना फोन लावला. फोन कानाला लावून बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे सगळं मला ऐकू येत होतं.

"बिबडा वनात. तू कव्हय येशी?"

"मी येत नाही अक्का. बरं नाही."

"काय व्हयनं?"

"सांगितलं ना, बरं नाही."

अक्का म्हणाली, "आयक. तू नही वनी ते हाई बठ्ठा बिबडा मी म्हशीले घाली दिसू."

बठ्ठा म्हणजे सगळा. पलीकडून काकू म्हणाल्या, "मना बिबडा? म्हशीले?"

त्या लग्नाला निघाल्या त्या भांडायला म्हणून निघाल्या. मीच गाडी चालवली. सरांनी काकूंना कुठल्या बाजूला बसवायचं याचा हिशोब आदल्या दिवशीच केला होता आणि स्वतः उरलेल्या बाजूला बसले.

मांडवात पोचल्यावर काकूंनी भांडणाला हात घालण्याआधी आचाऱ्याला विचारलं, "भाजीत मीठ बघितलं का?" त्याने बघितलं नव्हतं. मग खुर्च्यांची रांग वाकडी होती. मग वाजंत्रीवाले दारातच बसले होते, त्यांना उठवून कोपऱ्यात लावलं. हार कमी होते, माणूस पिटाळला. नवऱ्याकडचे दोन काका पंगतीवरून कुरकुरत होते, त्यांना पहिल्या पंगतीत बसवून गप्प केलं. अक्का नव्या लुगड्यात पंख्यासमोर खुर्ची टाकून निवांत बसली होती. सर मांडवाच्या कडेला उभं राहून सावलीच्या हिशेबाने म्हाताऱ्या पाहुण्यांची एक-एक खुर्ची इकडे-तिकडे सरकवत होते.

हळदीला तोच व्हिडिओवाला. जाड मिशा, खांद्यावर कॅमेरा. त्याने मांडवाकडे पाहिलं आणि हाक मारली, "मोठ्या अक्का, या, मधे या." काकूंकडे बघून.

काकू जागच्या जागी थांबल्या. सरांनी खुर्ची खाली ठेवली. मी आपला आचाऱ्याच्या मागे गेलो.

अक्का खुर्चीतून म्हणाली, "काय रे, तू हिले मोठी कसाले म्हनस? मोठी मी शे."

व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली घेतला. "तोंड कोन दखस अक्का? मी इतला लगीन करस, तोंड दखाले येळ नही ऱ्हास. साखरपुडाले बी बठ्ठास्ले हुकूम ह्याच देत व्हत्यात. आज बी ह्याच. जी हुकूम दे, ती मोठी."

मांडवात हसू पसरलं. अक्का तर खुर्ची धरून हसली. "ते खरं शे," ती म्हणाली, "हाई पायनामा व्हती तव्हय पासून मले हुकूम सोडस."

काकूंनी एकदा अक्काकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि म्हणाल्या, "मग असा उभा काय राहिलास? उजेड अडवतोस. डावीकडे हो." आणि जाऊन मधोमध उभ्या राहिल्या. अक्काला हाताने ओढून शेजारी घेतलं. पहिली हळद त्यांनीच लावली, आणि लावताना अक्काच्याही गालाला फासली. सर तिकडे तोंड करून उगाचच चष्मा पुसत होते.

मग अक्काने काकूंचा चेहरा जवळून बघितला आणि विचारलं, "आनि तोंडले सुया कसाले टोची लिन्यात तू?" काकूंनी सगळं सांगितलं आणि बोट माझ्याकडे केलं.

मी आचाऱ्यामागून बाहेर आलो. इथं गप्प बसायला हवं होतं हे मला आता कळतं. पण समोर पासष्टीची बाई, लग्नघर, नातेवाइकांची गर्दी. माझ्यातला प्रतिनिधी जागा झाला. मी अक्कासमोर खुर्ची ओढली, कोलॅजन सांगितलं, खाटेची नवार सांगितली, विणकर सांगितला, हाक सांगितली. झिजलेली त्वचा आतून कशी दुरुस्त होते ते सांगितलं. बॅगेतली बाटली काढून तिच्या हातात दिली. वधू बोहल्यावर जाऊन आली तरी मी बोलतच होतो.

अक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाटली उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "हाई औषध पह्यले तुन्या जिभले लाव. बठ्ठास्मा जास्त तीच घसाई जायेल शे."